नर्सबाईंच्या गाडीतली टकटक

उस्तादांना कमी ऐकू येतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. गल्लीला माहीत आहे, हे तेवढं उस्तादांना माहीत नव्हतं. इंजिनाचा आवाज पारखायची वेळ आली की ते घरातून चहा मागवत. घर गॅरेजच्या मागेच. त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या वहिनी, चहा घेऊन यायच्या, घटकाभर थांबायच्या आणि कप परत नेता नेता उस्तादांच्या बऱ्या कानाशी पुटपुटायच्या, "डावीकडचं काहीतरी सैल वाटतंय." जन्मभर भिंतीपलीकडून इंजिनं ऐकून बाईचा कान तयार झाला होता. गिऱ्हाइकं उस्तादांना चहाबाज समजत. समजोत बापडी.

मग नर्सबाईंची गाडी आली. करडी, गोल दिव्यांची, त्यांच्या नोकरीइतकीच जुनी. इंजिन कायमचं बसलेलं. तसंच दुसरं कुठे मिळेना; शेवटी भंगारवाल्याकडे जरा अलीकडच्या गाडीचं एक धडधाकट इंजिन सापडलं. उस्ताद वहिनींना म्हणाले, "हे नीट बसलं तर पुढचं काम घेईन. नाहीतर शटर खाली, कायमचं."

दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघणारे उस्ताद वहिनींच्या डोळ्यांपुढे येईनात, आणि आले तर बघवेनात.

इंजिन उतरवायला वहिनींचा भाऊ आला. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. साखळीला लटकलेलं इंजिन इंचाइंचाने खाली येत होतं आणि हा म्हणत होता, "भाऊजी, आमच्या ताईला घरात आणताना तरी इतकं जपलं होतं का?" उस्तादांनी ऐकू न आल्याचं दाखवलं. कान मात्र लाल झाले होते.

नव्या इंजिनाला जुन्या जागा जुळेनात. लोखंडी पट्ट्या कापून नवे आधार केले, वर रबर बसवलं, आणि एकदाचं इंजिन सुरू झालं. चहा आला. वहिनींना खालून बारीक टकटक ऐकू आली. उस्ताद त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे," असं म्हणून वहिनी कप न घेताच आत गेल्या.

आत भाजी चिरायला घेतली, पण सुरी चालेना. नर्सबाई या गाडीने एकट्याच लांब बहिणीकडे जाणार होत्या. वाटेत काही तुटलं म्हणजे? वहिनी तशाच बाहेर आल्या. उस्ताद चालू इंजिनावर तळहात ठेवून उभे होते.

"अहो, मी खोटं बोलले. खाली काहीतरी आपटतंय."

"हाताला जाणवलं होतं मला," उस्ताद म्हणाले. "पण तू छान म्हणालीस. म्हटलं, आता हातही गेला की काय."

वहिनींनी वाकून आवाजाची जागा बोटाने दाखवली. भाऊ पाना घेऊन गाडीखाली शिरला.

इंजिन हललं की धुराचा पाईप चौकटीवर आपटत होता, एवढंच. आधार सैल करून इंजिन बोटभर सरकवलं, बोल्ट पुन्हा आवळले. मग उस्तादांनी एक स्टूल पुसलं, बॉनेटजवळ ठेवलं आणि मेहुण्यादेखत म्हणाले, "बैस इथे. मला ऐकू येत नाही. तू सांगत जा."

"आणि शटर?"

"तू बसणार असशील तर राहू दे उघडं."

वहिनी बसल्या. टकटक गेली होती. पंख्याचा पट्टा तेवढा कुरकुरत होता, तो उस्तादांनी ताणला. गाडीतले दोष संपल्यावर वहिनींनी उस्तादांचे काढायला घेतले. ते मात्र त्यांना अजिबात ऐकू आले नाहीत.