कमलाक्षीचं सारवण

कोरगावात कमलाक्षीच्या सारवणाचा दरारा होता. शेणाने सारवलेली जमीन ओली असताना तिच्यावर पाय द्यायची कोणाची छाती नव्हती. सख्खा भाऊ सदाशिवसुद्धा तोवर दारातच बसून चहा प्यायचा.

सूट फक्त त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला, गौरवीला. जन्मताना मेंदूला इजा झाल्याने तिचे पाय ताठ. भिंत धरून ती चवड्यांवर चालायची. ओल्या सारवणावर बोटांचे ठसे उठत, टाचेचा कधीच नाही. आत्या न रागावता त्यावरून हात फिरवी.

गोवा राज्य झालं त्या वर्षी, पाऊस सरल्यावर, म्हापशाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून टाचांमागच्या आखडलेल्या शिरा लांब केल्या. प्लास्टर निघालं, लोखंडी पट्ट्यांचे बूट आले. हे घालून दिवसभर चालायचं, असं त्यांनी बजावलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाय तपासला, मग बूट उलटा केला. तळ जवळजवळ कोराच.

"आत्याबाई, ही चालते कुठे?"

"अंगणात."

"आणि घरात?"

"घरात बूट? देव असत आमच्या घरात."

"मग आत कशी फिरते?"

"बसान सरकतंय," गौरवीनेच सांगून टाकलं.

डॉक्टर हसले नाहीत. "टाच परत आखडतेय. महिनाभर बघू. नाहीतर पुन्हा ऑपरेशन."

बसमध्ये कमलाक्षी ते बूट मांडीवर घेऊन बसली. घरी येताच तिने तळ धुतले आणि दोन्ही बुटांना कुंकू लावलं.

"बुटांची मुंज करतंस काय गो?" सदाशिवने विचारलं.

"करतंय. आता हे घरचेच. दारात तळ पुसायचे आणि आत यायचं."

"आत्ये, देवाच्या खोलीतय?" गौरवीने हळूच विचारलं.

"मगे थंय फुलां कोण नेतलो? तूच."

महिना भरला. म्हापशाला निघायच्या सकाळी कमलाक्षीने मुद्दाम सारवलं, गौरवीचे बूट काढले आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"ये."

"ओला असा."

"असांदे. ये."

गौरवी भिंत धरून सहा पावलं आली. कमलाक्षी खाली वाकली. पुढे पाच बोटं आणि मागे, पुसट का होईना, गोल टाच. सहाही ठशांत.

"टाच टेकते की," दुपारी डॉक्टर म्हणाले.

"माका ठावक असा," कमलाक्षी म्हणाली.

होळीच्या शिगम्यापर्यंत तिने तेवढी पट्टी सारवली नाही. सदाशिव आता चहाला आत येई, पण त्या सहा पावलांना वळसा घालून.