नातालीनचा उपास

फोन पर्समध्ये थरथरत होता आणि मी तो उचलत नव्हते. गुड फ्रायडेची सकाळ होती. आमच्या चर्चच्या आवारात क्रुसाची वाट चालली होती, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातलं एकेक स्थान करत, गुडघे टेकत, प्रार्थना म्हणत सगळे पुढे सरकत होतो. सातवं स्थान वाचायची पाळी माझी. ‘येशू दुसऱ्यांदा पडतो.’ उभा जन्म शाळेत मुलांना वाचायला शिकवण्यात गेला, पण त्या दिवशी एवढीशी ओळ मी दोनदा चुकले, कारण फोन कुणाचा आहे हे मला ठाऊक होतं. माझी शेजारीण नातालीन ठाण्याच्या हॉस्पिटलात होती आणि तिच्या उशाशी तिचा नवरा, जेरोमभाऊ, एकटाच होता. वाचन संपवून मी कुंपणाच्या भिंतीपाशी गेले आणि फोन लावला. “वहिनी, गेली ती,” तो म्हणाला. “सकालचं दूध द्यायचं र्‍हायलं वो.” मागे माणसं आठव्या स्थानाकडे निघाली होती.

गुड फ्रायडेला आमच्यात मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाची मुख्य उपासना, होत नाही. आदल्या संध्याकाळपासून घंटासुद्धा मुकी असते, तिच्या जागी लाकडी खटखट्या वाजवतात. कशेळीच्या खाडीपुलावर कंटेनरच्या रांगेत शववाहिका अडकली आणि नातालीन घरी पोचेपर्यंत दुपार उलटून गेली. शनिवारी तिला पुरलं ते मिस्सेविना, घंटेविना. ज्या बाईने या चर्चच्या प्रत्येक सणाचा स्वयंपाक केला, तिच्या वाट्याला एक टोलसुद्धा आला नाही. वर चार बायका मला सांगायला आल्या, शुभ शुक्रवारी मरण आलं, किती भाग्यवान! मनात आलं ते बोलले असते तर चर्चमध्ये माझं तोंड कुणी पाहिलं नसतं. माझा आणि देवाचा अबोला त्या दिवसापासून आहे. रविवारी जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि उठून येते.

नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून नाव नातालीन. माहेर खाडीपलीकडचं, ठाण्याच्या बाजूचं. जेरोमभाऊ पॉवरलूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. कामतघरच्या आमच्या चाळीत ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन आलो आणि भिंतीला भिंत लागून संसार केले. मी शाळेत जाणारी, शिस्तीची, चिडकी. ती गडगडाटी हसणारी, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली आणि खाण्यावर निस्सीम प्रेम करणारी. उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत ठासून भरायची ती तिची रीत, आणि त्या बाटलीतल्या मसाल्याचं मटण शिजायला लागलं की जिन्यावरून जाणारा माणूस दोन पायऱ्या थांबायचा. अशा बाईला प्रायश्चित्तकाळ म्हणजे केवढी शिक्षा! राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस मांसमच्छी बंद, शुक्रवारी एकवेळचं जेवण. ती तो उपास कडक पाळायची आणि चाळीसही दिवस मटणाबद्दल बोलायची. मी दरवर्षी चहा सोडायची आणि पहिल्या रविवारपर्यंत हळूच पुन्हा धरायची. “तुझा देव चहावाला हाय, मेबल,” ती म्हणायची, “समजून घेल तो.” ईस्टरच्या सकाळी मात्र तिच्या घरून मटण आणि गरम फुग्यांची ताटं चाळभर जायची. तळलेले ते गोलमटोल फुगे कुणी दोनच घेतले तर तिला अपमान वाटे.

गेल्या पावसाळ्यानंतर तिला घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेज. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि नाताळच्या आधीच तिच्या नाकातून पोटात नळी गेली. जेरोमभाऊ दूध, नाचणीचं गाळलेलं पाणी, डाळीचं पाणी सिरिंजमध्ये भरून नळीतून सोडायचा. माग जुळवणारे ते जाड, काळे पडलेले हात सिरिंज इतकी हळू दाबायचे की बघवत नसे. तिच्या जिभेला कशाचाच स्पर्श होत नव्हता. आणि हळूहळू एक गोष्ट झाली जी आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही... तिला जेवणाचं विचारणं सगळ्यांनी थांबवलं. कुणाकडे बारसं झालं, कुणाकडे सण झाला, ताट यायचं ते जेरोमभाऊपुरतं. आम्ही दयेनेच तसं वागत होतो.

यंदा राखेचा बुधवार आणि रमजान एकाच सुमाराला आले. फादर घरी येऊन तिच्या कपाळाला राख लावून गेले आणि त्यानंतर जेरोमभाऊ दूध घेऊन आला तर तिने नळीचं टोपण मुठीत धरून ठेवलं. उपास हाय म्हणाली. तो आधी हसला, मग रागावला, मग सिरिंज हातात घेऊन रडायला लागला. दोन दिवस तिने अर्धं अर्धं दूध परतवलं आणि तिसऱ्या दिवशी डोळे फिरवले. ती शुद्धीवर आल्यावर जेरोमभाऊने फादरना बोलावलं. फादर बिचारे समजुतीचे. खाटेपाशी बसून म्हणाले, “नातालीनबाय, आजारी माणसाला उपासाचं बंधन नाही. तुमचं दुखणं हाच तुमचा उपास.”

तिचा आवाज तोवर पार बसला होता. तरी तिने उत्तर दिलंच. “दुखनं मी धरलंय व्हय, फादर? ते आपसूक आलंय. मानसानं आपल्या मनानं सोडायला पायजे, तवा तो उपास. माज्या हातात सोडायला काय र्‍हायलंय, सांगा ना.”

फादर आशीर्वाद देऊन निघाले. ते गेल्यावर मीच शहाणपणा केला. म्हटलं, संध्याकाळची मालिका सोड. ती म्हणाली, “ती मला तशी पन आवडत न्हाय.” मला हसू आलं आणि तिला आलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मरणाला ती भीत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण देवासमोर रिकाम्या हाताने जायचं या विचाराने ती कासावीस झाली होती. सणाला कुणाच्या घरी रिकाम्या हाताने न गेलेली बाई ती.

त्यानंतरच्या गुरुवारी तिने मला जवळ बोलावलं. “उद्या मटन कर. माज्या घरात, माज्या मसाल्याचं. आनि माज्या ताटात वाढून माज्यासमोर आन.”

“वेडी झालीस? उपासाचे दिवस, त्यात शुक्रवार!”

“शुक्रवारीच. तू फकस्त इचार मला, जेवतेस का. बाकी मी बघते.”

मला कळायला एक क्षण लागला आणि कळल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी मी मटणाची पिशवी पदराखाली लपवून आणली, जणू चोरीचा माल. पलीकडच्या खोलीतली नसीमाआपा मदतीला आली. तिचा रोजा होता. नातालीन खाटेवरून, वासावरून हुकूम सोडत होती. “कांदा कच्चा हाय अजून... आता मसाला टाक... झाकन नको काढू सारकं.” मटण शिजलं आणि मिठाची पंचाईत आली. मी चव घेऊ शकत नव्हते, शुक्रवार. नसीमाआपा म्हणाली, “टीचर, मेरा तो रोज़ा है.” आणि जिला जिभेनं कळलं असतं तिच्या जिभेपर्यंत काही जाणार नव्हतं. तीन बायका एका पातेल्याभोवती आणि चाखायला एकही नाही! नातालीनने मला मीठ मुठीत घेऊन खाटेपाशी यायला लावलं, मूठ उघडायला लावली, थोडं बोटाने काढून टाकलं आणि म्हणाली, “आता घाल.”

मग मी तिचं ताट काढलं. स्टीलचं, काठावर ‘नातालीनला आईकडून’ असं कोरलेलं. मटण वाढलं, भाकरी ठेवली, उशी लावून तिला बसवलं आणि ताट तिच्या मांडीवर धरलं. तिने क्रुसाची खूण केली. वाफ तिच्या तोंडावर जात होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली, वास घेत राहिली. तोंडाला पाणी सुटलं, ते गिळता येईना, ओठातून ओघळलं ते तिने फडक्याने टिपलं. मी विचारलं, “नातालीन, जेवतेस का गं?”

“नको,” ती म्हणाली. “उपास हाय माजा.”

आणि ताट बाजूला सारून उशीवर मान टाकली. मग डोळे मिटूनच म्हणाली, “कवापासून कोनी इचारलंच नव्हतं मला...” ते ताट संध्याकाळी इफ्तारला नसीमाआपाकडे गेलं. निरोप आला, नमक एकदम बराबर. तो निरोप मी नातालीनला तीनदा सांगितला, कारण तिने तीनदा विचारला.

पुढच्या शुक्रवारीही तसंच. जेरोमभाऊ ड्युटीवरून लवकर आला आणि दारातच थबकला. मी समजावून सांगणार, एवढ्यात तो चपला काढून आत आला, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच तिच्यापुढे धरलं. “जेवतेस का?” तिने त्याच्या हाताला हात लावला आणि मान हलवली, नको. आठवडाभर ती शुक्रवारची वाट पाहायची. दूध आता मुकाट्याने घ्यायची, नाहीतर शुक्रवारपर्यंत टिकणार कशी? मला वाटायला लागलं होतं की अशी ती ईस्टरपर्यंत जाईल, कदाचित त्याच्याही पुढे जाईल. मी देवाला तसं बजावलंही होतं. एवढं तर दे म्हटलं, तिने तुला एवढं दिलंय.

झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो, त्याच्याही आधीचा शुक्रवार. ईद होऊन गेली होती. मी नेहमीसारखं मटण केलं, ताट भरलं आणि तिच्यापुढे नेलं. ती डोळे मिटून पडलेली. श्वास चाललेला, वर, खाली... मी विचारलं, जेवतेस का. काही नाही. मी पुन्हा विचारलं. ताट तिच्या नाकाजवळ नेलं, वाफ तिच्या गालावर गेली. “नातालीन, मटण आणलंय गं. नको तर नको म्हण. नुसती मान हलव.” जेरोमभाऊ माझ्या मागे उभा होता. मी ओरडले असेन, कारण नसीमाआपा धावत आली. नातालीन हललीही नाही. तिचा उपास त्या दिवशी मोडला की राहिला, मला कुणी सांगावं... फादरना विचारलं तर ते म्हणाले, देवाला सगळं कळतं. कळतं तर त्याने तिला एक शब्द का दिला नाही? दोन अक्षरांचा तर होता.

ते ताट मी तसंच माझ्या घरी नेलं. मंगळवारी तिला हॉस्पिटलात हलवलं आणि शुक्रवारी तो फोन आला.

ईस्टर होऊन आता काही आठवडे झाले. उपास सगळ्यांचे सुटले. मला मटण जात नाही, नवस वगैरे काही नाही, घास फिरतो आणि घशाशी थांबतो. परवा ड्युटीवरून जेरोमभाऊचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, “वहिनी, तिचं ताट तुमच्याकडं र्‍हायलंय का? मी त्यात जेवीन म्हनतो.” आणते म्हटलं. ते घासून, पुसून फळीवर ठेवलंय, येता-जाता काठावरची अक्षरं दिसतात. भिंतीला भिंत लागून घर, चार पावलं जायचं, पण माझा पाय निघत नाही. कुणाचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही चाळीतली रीत तिनेच मला लावली. भरून न्यायला हरकत नाही. तिच्या मसाल्याची एक बाटली अजून शिल्लक आहे आणि मीठ मला आता न चाखता कळतं. ताट भरेन, चार पावलं चालेन, तिच्या खोलीत जाईन. त्या खाटेपाशी उभी राहून ‘जेवतेस का’ म्हणून विचारीनसुद्धा... पण नको कोण म्हणणार?