घरटी एक माणूस

"आजी, खाली बसा. चहा शेवटी आहे."

व्याख्याते माइकवरून म्हणाले. सभागृह हसलं. माझी आय हात वर करून उभी होती. तिला चहा नको होता.

पेणच्या आमच्या संग्रहालयात स्थानिक इतिहासाचं व्याख्यान होतं. एक समई पेटवायला सहा मान्यवर लागले. मग या निवृत्त प्राध्यापकांनी पडद्यावर आमच्या गावचा खाडीबांध दाखवला. एका जमीनदार घराण्याने तो बांधला, समुद्र हटवला, भात पिकवलं, असं सांगितलं. घराण्याचे वारस पहिल्या रांगेत शाली पांघरून बसले होते. मे महिन्यात.

आयला मीच आणलं होतं. "लुगड्यात आणा, फोटो छान येतात," असा निरोप होता. मी रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवते. संग्रहालयाच्या समितीत माझं नाव नुकतंच लागलं होतं.

आय बसली नाही. म्हणाली, "चाय नको. त्यांच्या पायाला चिखल तरी लागला व्हता का, ता सांगा. माजा बापूस त्या बांधात हाय."

"वा! लोकस्मृती," प्राध्यापक म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

बाप बांधात आहे म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. उधाणाने बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की घरटी एका माणसाने चिखल आणि पेंढा घेऊन धावायचं, हा गावचा रिवाज. खारं पाणी शेतात शिरलं की कैक वर्षं भात नाही. आजा खांडीत उतरला आणि पाण्याने ओढून नेला. सापडलाच नाही. पुढच्या ओहोटीला पुन्हा हाक आली. घरटी एक माणूस. आजी बाळंतीण. आय बारा वर्षांची. ती गेली. बाप गेला ते भगदाड तिने चिखल टाकून बुजवलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. लहानपणापासून पाठ होतं.

मी उठले. आयचा दंड धरला. तिला खाली बसवलं. कानात म्हटलं, "आये, इथे नको."

नंतर फोटोसाठीही मीच तिला उभं केलं.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "मना वाटला, तू उठलीस ती बोलायला."

एवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. भातकापणीच्या आधी ती गेली.

गेल्या महिन्यात समितीतून फोन आला. रोह्यात व्याख्यान द्या, विषय खाडीकाठच्या खारेपाटातली खाद्यसंस्कृती. "आजींचा लुगड्यातला फोटो लावू, मॅडम. तांदळाची भाकरी, सुकी मासळी, लोकांना आवडतं. बांधाचं नको. पुढच्या रांगेला बरं वाटत नाही."

मी म्हटलं, "बांधावरच बोलेन. आणि तो फोटो लावायचा नाही."

"समितीला विचारावं लागेल."

"विचारा."

सभागृह मिळालं नाही तर बांध आहे. तिथे अध्यक्ष लागत नाही. खांडीत उतरलेल्यांची नावं मी म्हाताऱ्यांकडून घराघरांत जाऊन लिहून घेते आहे. पहिलं नाव आजाचं. दुसरं बारा वर्षांच्या एका पोरीचं.

आयची माफी मागायला आता आय नाही. रिवाज मात्र आहे. घरटी एक माणूस. आमच्या घराची पाळी माझी आहे, आणि माझा दंड धरून मला कुणी खाली बसवून बघावं.