पेशींना संचारबंदी नसते

सबंध चंदीगडात कोंबडीच्या अंड्याकडे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतक्या आदराने पाहणारा दुसरा माणूस नव्हता. मूळचे नागपूरचे, पेशाने गर्भविज्ञानाचे संशोधक. आमच्याकडे ऑम्लेट झालं की ते उठून गॅलरीत जात. अंड्यातल्या पिल्लाच्या गर्भात पेशी कशा चालतात, हा त्यांचा एकुलता एक विषय. 'मेसेन्काइम' हे त्या पेशींचं आडनाव असावं, असं मला बरेच दिवस वाटे. आधी त्या एकमेकींना चिकटून रांगेत असतात. मग एखादी रांग सोडते, पुढे पाय टाकते, पकड घेते, मागचं अंग ओढून घेते आणि कुठच्या कुठे जाऊन हाड होते. हे सांगताना ते स्वतःच आमच्या बैठकीत तसे सरकत, आणि दोनदा त्यांनी आमची तिपाई पाडली. "म्हणजे बदलीच की! पण ऑर्डर कोण काढतं?" तीन बदल्या सोसलेल्या आमच्या हिने विचारलं. "तेच तर समजत नाही ना जी, वहिनी," ते कळवळून म्हणाले. चार वर्षं ते त्याच एका प्रश्नाच्या मागे होते, आणि मार्चअखेर त्यांचा प्रकल्प गुंडाळला जाणार होता.

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस वाईट होते. सकाळी वर्तमानपत्र उघडायचा धीर होत नसे. अशात संचारबंदी लागली, प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा यांनी शेवटची बारा अंडी घरीच बल्बखाली उबवली. पेशी निघतात त्या तिसऱ्या दिवशी. तेव्हाच त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हव्यात. नेमकी त्या दिवशी संचारबंदी दोन तास शिथिल झाली. "उद्या जा हो," मी विनवलं. "पेशींना संचारबंदी नसते," म्हणत त्यांनी स्टीलच्या डब्यात गरम पाण्याच्या पिशवीवर अंडी ठेवली, डबा शालीत गुंडाळला आणि सायकल काढली.

नाक्यावर हवालदाराने विचारलं, "इसमें क्या है?"

खोटं बोलणं यांना कधी जमलंच नाही. "सेल हैं जी. आज ही हिलेंगे."

सेल म्हणजे बॅटरीचे, हे साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक. यांना तेवढंच ठाऊक नव्हतं. डबा उघड्या मैदानात, वाळूच्या पोत्यांच्या मधोमध ठेवला गेला. बॉम्बतज्ज्ञ येईपर्यंत चार तास तो जानेवारीच्या गारठ्यात तसाच राहिला, आणि हे लांबून "अंडे हैं, अंडे हैं" ओरडत राहिले. "माफ करना जी, प्रोफेसर साब," डबा उघडल्यावर हवालदार खजील होऊन म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? मागच्याच आठवड्यात त्याचा जोडीदार अशाच एका डब्याने गेला होता. त्याने यांना जीपमधून आधी प्रयोगशाळेत नेलं, मग घरी सोडलं.

मी वर गेलो तेव्हा ते शाल पांघरून बसले होते. "निघाल्या होत्या ना जी," ते म्हणाले, "अर्ध्या वाटेतच राहून गेल्या."

त्या सालात पंजाबात घरून निघालेली किती माणसं पोचली नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. नुसती अंडीच तर होती, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.