वाळवी न लागलेली पायरी

आमच्या दारातल्या पायरीला वीस वर्षांत वाळवी लागली नाही. का लागली नाही, हे मी कधी विचारलं नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नापायी मी शालन आत्याची खानावळ एका रविवारी दुपारी जवळजवळ बंद पाडली.

पायरी म्हणजे रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर. रुळांखाली आडवा टाकतात, तो. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. सोलापुरात घर बांधलं तेव्हा मोडीत निघालेला हा ठोकळा ते टेम्पोतून घेऊन आले. (आईची शिलाई मशीन दुसऱ्या खेपेला आली.) आल्यागेल्याला ते पायरीवर टाच आपटून सांगत, "अस्सल सालवृक्षाचं लाकूड आहे. वाळवी फिरकत नाही."

आत्याची खानावळ आमच्या घराला लागूनच. गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं, आणि अशात रेल्वेतून निवृत्त झालेल्या मंडळींचा स्नेहमेळावा ठरला. दोनशे पानं. तिघे जण रविवारी एक वाजता चव बघायला येणार होते. त्यांची अट एकच: मटणाला चुलीच्या धुराचा वास पाहिजे, लाईनवर कामाला असताना झाडाखाली रांधायचे तसा.

आत्याकडे चूल नव्हती. म्हणजे होती, पण मागच्या वर्षी मी एक पत्रक काढलं. पहिली ओळ होती, 'चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे बघा!' गल्लीत घरोघर वाटलं, आणि सुरुवात घरापासून हवी म्हणून आत्याची चूल स्वतःच्या हातांनी फोडली. तिच्या जागी बंद पडलेल्या एका बेकरीतला ओव्हन आला. माणसाच्या उंचीचा, चार कप्प्यांचा, आत पंखा गरगरणारा.

"चूल तू फोडलीस," आत्या म्हणाली. "आता धूर बी तूच आण. ही ऑर्डर गेली तर दिवाळीला शटर खाली. मग मी तुज्या घरात बसून तुजीच पत्रकं वाचीन."

धमकी गंभीर होती. मी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले. पद्धत सोपी होती. तळाच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा, वरच्या कप्प्यांत शिजलेलं मटण, दार बंद. अर्ध्या तासात धूर मांसात मुरतो.

"वखारीतनं बाभळीचं लाकूड आण दोन किलो," आत्या म्हणाली.

"झाड तोडून?" मी म्हणाले. "आत्या, माझं दुसरं पत्रक वाचलंस का तू?"

"न्हाय."

"त्यात स्पष्ट लिहिलंय, नव्या लाकडाला हात लावायचा नाही. जुन्याचाच पुनर्वापर."

"बाई, एक वाजता माणसं येणार हायती."

अण्णा मोडनिंबला लग्नाला गेले होते. मी शेजारच्या सुताराचा रंधा मागून आणला आणि पायरीचा कोपरा तासला. आतला भुसा काळा निघाला. चकचकीत, हाताला चिकटणारा. जुन्या लाकडाचं पोषण, असं मी मनाशी म्हटलं.

बारा वाजता भुसा पेटवून ट्रे आत सरकवला. वर तीन कप्पे आणि मटण एकातच मावलेलं. एवढा ओव्हन एका पातेल्यासाठी तापवायचा म्हणजे विजेची उधळपट्टी, ती माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हती. म्हणून दुसऱ्या कप्प्यात भरताची वांगी ठेवली, आणि तिसऱ्यात शेंगाचटणीचे दाणे आणि आत्याने चार दिवस वाळवलेल्या कडक भाकरी. आत्याकडे मग धूर न लागलेलं असं फ्रीजमधलं कच्चं मटण, कांदे आणि मसाला एवढंच उरलं.

दहा मिनिटांत दाराच्या फटीतून धूर येऊ लागला. पिवळसर. मी ओलं फडकं कोंबलं. आत्या नाकाला पदर लावून आली.

"ह्याला रस्त्याचा वास का येतोय ग?"

"कुठल्या रस्त्याचा?"

"नवीन करत्यात तसल्या."

"मुरतोय अजून. मुरला की बसेल."

घड्याळात पाऊण वाजला होता आणि दुसरं काही करायला वेळ नव्हता, हे आत्यालाही कळत होतं.

एकच्या ठोक्याला तिघे आले. पुढे मारुतीतात्या. तीस वर्षं रुळांवर गँगचे मुकादम, आणि मेळाव्याचा शेवटचा शब्द त्यांचाच. पानं मांडली. मी मटण वाढलं, भरीत वाढलं, चटणी वाढली, भाकरी ठेवली. आत्या डाव हातात धरून भिंतीशी उभी होती.

तात्यांनी घास उचलला. ओठांपर्यंत नेला. थांबवला. हुंगला. मग छताकडे बघत राहिले. इतकं दूरवर बघत होते, की मला वाटलं जमलं.

"थांबा रे," ते म्हणाले. "कुणी गिळू नका."

एकाच्या तोंडात भाकरीचा तुकडा होता. तो गालातच थांबला.

"थुक."

त्याने तो थुंकून टाकला.

"लाकूड कुटलं हे, पोरी?"

"जुनं आहे तात्या. आम्ही पुनर्वापर..."

"जुनं हाय त्ये कळलं. साल हाय. छोट्या लाईनचं हाय." त्यांनी घास पानात ठेवला. "उन्हात रूळ तापला की ह्योच वास यायचा. तीस वर्सं ह्याच्यातनं चाललोय. स्लीपर जाळलास व्हय?"

मी मान हलवली.

"त्याला डांबराचं तेल पाजल्यालं असतंय, पार आतपर्यंत. वाळवी लागू नये म्हणून. वाळवी जे खाईना, त्ये तू आमाला घालतीस?"

आत्या खाली बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त डाव जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "तात्या, पोरीचं मन वाईट न्हाय. डोकंच तसलं हाय."

मग मी सगळं सांगितलं. चूल कुणी फोडली, बाभळ का आणली नाही, वरचे कप्पे का भरले. सांगता सांगता माझं मलाच ऐकवेना. तात्यांनी भिंतीवर चिकटवलेलं माझं पत्रक बघितलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचलं. असं वाचणारा मला भेटलेला हा पहिला माणूस.

"बरोबर लिवलंयस," ते म्हणाले. "माजी आई अशीच खोकून गेली. शालनबाई, कच्चं मटण शिल्लक हाय?"

"हाय की."

"मग तीन दगडं मांडा अंगणात. आमी लाईनवर असंच करायचो. बाभळ मी आणतो." एकाला त्यांनी कांदा चिरायला बसवलं, दुसऱ्याला मसाला वाटायला. आत्या उठायला लागली तसं तिला हाताने थांबवलं. "तुमी न्हाय. पत्रकात लिवलंय, बायांच्या छातीत धूर जातो. तुमी सावलीत बसा."

मला हायसं वाटलं. निदान एका माणसाला विचार पटला होता.

"फुकणी हिला द्या," तात्या म्हणाले.

दोन तास मी फुंकत होते. मटण चांगलं झालं असावं, कारण ऑर्डर आत्यालाच मिळाली, आणि तात्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला काही दिसत नव्हतं. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे बघा, असं मी वर्षभर घसा फोडून सांगत होते. त्या दुपारी तीन रेल्वेवाले, सावलीतली आत्या आणि निम्मी गल्ली माझ्या सांगण्याप्रमाणे ते बघत उभी होती.