कापसाचा बोळा

कडाड आवाज झाला आणि नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सांगितलं मीच होतं. तिला हरणाच्या शिकारीसाठी पहिलं कंपाउंड धनुष्य, टोकांना कप्प्या असलेलं, हवं होतं. पैसे बेताचे, म्हणून आम्ही इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावाजवळच्या दुकानात जुनी धनुष्यं बघत होतो. माठ वाजवून घेतात तसं मी म्हटलं, "ओढ आणि सोड गं, आवाज तरी ऐकू दे." बाण न लावता दोरी सोडली की धनुष्य फुटतं, हे मला कुठे ठाऊक!

दुकानातला म्हातारा पाण्यातून चालावं तसा संथ आला. तिचे हात बाजूला करून त्याने एकेक डोळा बघितला. मग दुसरं जुनं धनुष्य काढलं आणि त्याच्या वाकणाऱ्या पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवत बसला. खिडकीतल्या उन्हात कापसाचे धागे तरंगत होते. किती वेळ गेला, कळलं नाही.

"आजी, तो म्हणतो, क्रॅक असला की कापूस अडकतो," नात म्हणाली.

"त्याला सॉरी सांग. चूक माझी."

तिने सांगितलं. त्याने मान हलवली, काहीतरी पुटपुटला.

"म्हणतो, बोळा आधीच फिरवायला हवा होता. चूक त्याची."

कापूस कुठे अडकला नाही. तेच धनुष्य घेतलं.

नातीच्या गालावर ओरखडा आहे. दोन्ही डोळे शाबूत आहेत.