भेणारं वजन

यवतमाळ जिल्ह्यात भित्र्या माणसांची वानवा नाही, आणि त्यांतला एक मी आहे. पण भीतीला आमच्या व्याह्यांसारखं कामाला जुंपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही घाबरलो की पांघरूण ओढून घेतो. ते घाबरले की पाने-पकडी घेऊन उठतात. तालुक्याच्या कोर्टात पेशकार म्हणून त्यांचा जन्म गेला. लोकांचे अपघात आणि सर्पदंश कागदावर वाचून वाचून त्यांची पक्की समजूत झाली आहे की जगात जे जे वाईट होण्यासारखं आहे, ते फक्त पुढची तारीख घेऊन बसलेलं आहे. दिग्रसच्या घरी गॅस बंद केला की ते शेगडीलाच विचारतात, "बंद झाली नं पक्की?" एसटीत ते कायम ड्रायव्हरच्या मागे बसतात, आणि यवतमाळच्या गाडीत एकदा त्यांनी त्या बिचाऱ्याला रस्ताभर शेंगदाणे चारले, कारण खाता खाता माणूस झोपत नाही. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा त्यांनी हुंडा नको म्हटलं, मानपान नको म्हटलं, आमच्या गच्चीच्या जिन्याकडे मात्र टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "याले कठडा लावा, मंग तारीख काढू." कठडा लागला, मग लग्न लागलं.

माझी मुलगी नर्स आहे. तिचं उपकेंद्र तेव्हा धरणाच्या पाण्यापलीकडच्या तांड्यावर होतं. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तोही बंद. म्हणून सगळे नावेनेच जायचे. नाव म्हणजे पत्र्याची, मागे शेतातल्या पंपाचं इंजिन दोरीने आवळलेलं. व्याह्यांनी ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी त्यांना घास गेला नाही. मला वाटलं, आता हे नोकरी सोडायला लावणार. खरं सांगायचं तर मी स्वतः मुलीला तसं सुचवून बसलो होतो. पण ते म्हणाले, "पोरीनं काहून घरी बसावं? आपून नाव बदलवू."

मग कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग क्लबची फायबरची बोट त्यांनी आणली. तिचं पेट्रोलचं इंजिन कधीच निकामी झालेलं होतं. त्या जागी दारव्ह्याच्या एका भंगारात निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन बसलं. इंजिन बोटीच्या आत, आणि मागे पाण्यात सोडलेला लोखंडी पाय. त्या पायात गिअर, टोकाला पंखा. इंजिनाचे दोन फेरे झाले की पंख्याचा एक व्हायचा. पण तो हिशोब भरभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा, आणि जीपचं डिझेल जोरकस असलं तरी संथ. पहिल्या दिवशी इंजिन बोंबलत सुटलं आणि बोट चिखलातल्या म्हशीसारखी जागच्या जागी डुलत राहिली. त्या जुन्या पायाचे गिअर कुठे मिळेनात, तेव्हा उरला पंख्याचा पीळ. हा पीळ त्यांनी आमच्याकडे जेवताना पोळी हातात मुरगाळून समजावला. "स्क्रू एका फेऱ्यात लाकडात किती घुसते? तसा हा पान्यात. पीळ जास्त, तं एका फेऱ्यात नाव जास्त पुढं." पोळी फाटली आणि पानाभोवती वरणाचे शिंतोडे उडाले. नवा, जास्त पिळाचा पंखा बसला आणि रिकामी बोट पाण्यावरून अशी निघाली की ती चालवणारा तांड्यावरचा गोविंद आनंदाने ओरडला. व्याही काठावर गंभीरच. रिकाम्या बोटीचा पुरावा त्यांना मान्य नव्हता.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"इवाई, वजन किती भरते तुमचं?"

मी भीत भीत आकडा सांगितला. एवढं समाधान माझ्या आकड्याने आजवर कोणत्याच डॉक्टरला झालेलं नाही.

"बेस! उद्या या. बोटीत बसाचं हाय."

"मला पोहता येत नाही हो. रेतीची पोती ठेवा ना."

"रेतीचं पोतं भेत नाही, इवाई. मानुस भेलं का एका बाजूले सरकते. मले भेणारं वजन पाहिजे."

मुलीच्या बापाला व्याह्याचा शब्द मोडता येत नाही. हे ज्याने कोणी ठरवलं त्याला धरणावर आणून बसवायला पाहिजे. मी गेलो. तांड्यावरची आठ-दहा माणसं, बाजाराची गाठोडी, गोविंद आणि मी. व्याह्यांना पाण्याची माझ्यापेक्षा जास्त धास्ती. पण तेही चढले, अंगात एकावर एक दोन लाइफ जॅकेटं चढवून, डोळे मिटून. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर त्यांनी कुंकवाची खूण केली होती. पूर्ण रेस दिल्यावर काटा कुंकवावर यायला हवा. अलीकडे अडला तर पंखा इंजिनाला जड, पलीकडे गेला तर हलका.

काटा खूप अलीकडे अडला. मधल्या पाण्यात पोचेपर्यंत मागून काळा धूर निघायला लागला, इंजिन घशात घास अडकल्यासारखं घुरघुरलं आणि बंद पडलं. त्यानंतरची शांतता मला अजून स्वप्नात ऐकू येते. त्या शांततेत दूरवर सांडव्याच्या उघड्या दारांतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. "याडी!" कोणीतरी आईला हाक मारली. मी उठलो. का उठलो, कुठे जाणार होतो, देव जाणे. मी बोटीच्या डाव्या कडेला सरकलो, माझ्यामागे सगळे सरकले, आणि पाणी कडेवरून आत आलं.

"खाली बसा! मधात! समदे मधात बसा!"

हा आवाज व्याह्यांचा होता. डोळे उघडे, चेहरा राखेसारखा. पण त्यांनी मला खांद्याला धरून बोटीच्या मधोमध बसवलं आणि स्वतः माझ्या पायांवर बसले, मी परत उठू नये म्हणून. गोविंद आणि आणखी एकाने वल्ही मारून बोट काठाला लावली. काठावर उतरताच मी व्याह्यांशी कसं बोलावं हा सगळा शिष्टाचार विसरलो.

"मेलो असतो मी! तुमच्या पंख्यापायी!"

ते ओल्या मातीवर बसले होते. "हो," ते म्हणाले. "आन् तुमच्या जागी पोरगी असती तं?"

माझी मुलगी, आणि तिच्यासाठी माझ्या आधी, माझ्यापेक्षा जास्त, हा माणूस घाबरून घेत होता. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

दोन्ही पंख्यांच्या मधल्या पिळाचा तिसरा पंखा आला, तेव्हा मी न बोलावता गेलो. तीच माणसं, तीच गाठोडी. गोविंदने पूर्ण रेस दिली. काटा चढत चढत कुंकवावर येऊन थांबला, धूर नाही की घुरघुर नाही. व्याह्यांनी बोटीतच मला हात जोडले. तेव्हापासून मुलगी पलीकडे पोचली की ती त्यांना फोन करायची आणि ते मला. मुलीच्या बापाने तिच्या सासरी रोज उठून फोन करू नये, म्हणून मी कधी केला नसता, हे ते ओळखून होते. ते एकच शब्द बोलायचे, "पोचली."

आता तिची बदली पांढरकवड्याला झाली आहे. बोट गोविंद चालवतो, तांडा जातो-येतो. मुलगी हायवेवरून स्कूटीने उपकेंद्रात जाते, बाजूने ट्रकांची रांग. मुलीला निरोप द्यायला दिग्रसला गेलो तेव्हा व्याही एकदम थकलेले दिसले. "इवाई," ते म्हणाले, "रस्त्याले कोनता पंखा लावू?" एवढी भीती त्यांच्याजवळ, आणि जुंपायला काही उरलं नाही.

त्यांचा फोन मात्र रोज येतो. काल आला नाही. अंधार पडला, बायकोने दोनदा विचारलं. मी खुर्चीतून उठलो, खिडकीशी गेलो, गज धरून उभा राहिलो. मग एकदम आठवलं. परत येऊन खोलीच्या मधोमध, जमिनीवर, मांडी घालून बसलो. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"पोचली, इवाई. रेंज नव्हती तिले." मग, "मधात बसले होते नं?"

"बसलो होतो," मी म्हणालो.

"मी बी."